बोट ठेवून दाखव: उताऱ्यावरून निष्कर्ष काढायला शिकवताना

सहावीच्या वर्गात फळ्यावर हा उतारा लिहा.

‘सुमन उठली तेव्हा उजाडले होते. अंगण ओले होते. गोठ्याचे पत्रे मात्र कोरडे ठणठणीत होते. तुळशीजवळ रांगोळीचा डबा उघडाच होता. आईच्या चपला दारात नव्हत्या.’

मग विचारा, अंगण कशानं ओलं झालं असावं? अर्धा वर्ग ओरडतो, “पाऊस!” पत्र्यांचं वाक्य त्यांनी वाचलेलं असतं, पण ‘ओले’ हा शब्द दिसला तेव्हाच त्यांचं उत्तर ठरून गेलेलं असतं. दुसरा प्रश्न, आई कुठं गेली? बाजारात, शेतात, डेअरीला दूध घालायला. सगळी उत्तरं ठाम आवाजात येतात. तिसरा प्रश्न, या उताऱ्यावरून काय कळतं? यावर एक तरी हात वर होतोच: “मॅडम, आपण रोज लवकर उठलं पाहिजे.”

मी आटपाडी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला मराठी शिकवते. “पोरांना निष्कर्षच काढता येत नाही हो,” असं पालकही म्हणतात आणि आमच्या शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येतं. मला ते पटत नाही. फोन वाजला आणि वडिलांनी तो न उचलता उलटा करून ठेवला, की कुणाचा हप्ता थकलाय हे पोरांना न सांगता कळतं. निष्कर्ष त्यांना येतो. कुठं थांबायचं ते येत नाही, आणि शिकवायचं असतं ते तेवढंच.

माझ्या वर्गातला नियम साधा आहे. उत्तर दिलं की उताऱ्यातल्या शब्दावर बोट ठेवायचं. “सडा टाकला असावा.” कशावरून? ‘अंगण ओले’वर एक बोट, ‘पत्रे कोरडे’वर दुसरं, रांगोळीच्या डब्यावर तिसरं. सडा हा शब्द उताऱ्यात कुठंही नाही, तरी तीन ठिकाणी आधार आहे. “आई बाजारात गेली.” बोट ठेव. मूल चपलांवर ठेवतं. चपला नाहीत म्हणजे ती बाहेर गेली असावी, इथपर्यंत ठीक. बाजार कुठं लिहिलाय? बोट हवेत फिरायला लागतं आणि मूल स्वतःच हसतं. घरी शिकवत असाल तर पेन्सिलनं खूण करायला सांगा, पण बोट जास्त चांगलं. खूण एकदा केली की मूल ती राखत बसतं, बोट हलवता येतं.

एकदा एका मुलानं विचारलं, “मॅडम, सडा आईनंच कशावरून? आजीनं टाकला असंल.” अशा मुलाला फाटे फोडतोय म्हणून गप्प बसवू नका. सगळ्या वर्गात त्यानंच उतारा नीट वाचलेला असतो.

दुसरी सवय म्हणजे उत्तर मिळाल्यावर लगेच विचारायचं, “आणखी काय असू शकेल?” दोन-तीन शक्यता येऊ द्या, मग प्रत्येकीला उताऱ्यातला कुठला शब्द आडवा येतो ते शोधायला लावा. पावसाला पत्रे आडवे येतात. टाकी भरून वाहिली असेल, याला काहीच आडवं येत नाही, पण त्याच्या बाजूनंही काही नाही. अशा वेळी मी फळ्यावर तीन रकाने आखते: नक्की, बहुतेक, सांगता येत नाही. सडा बहुतेकमध्ये जातो. आई दारातून बाहेर गेली, हेही बहुतेकमध्येच. कुठं गेली ते तिसऱ्या रकान्यात. हा तिसरा रकाना मुलांना सुरुवातीला अजिबात आवडत नाही, कारण ‘सांगता येत नाही’ म्हणजे अभ्यास केला नाही, असं त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. म्हणून मी मुद्दाम असे प्रश्न घालते ज्यांचं बरोबर उत्तर तेच आहे, आणि त्याला पूर्ण गुण देते.

लवकर उठण्याच्या उपदेशाचा दोष मुलांचा नाही. पहिलीपासून आपणच गोष्ट सांगून झाली की तात्पर्य विचारतो, त्यामुळे चार ओळी दिसल्या की मूल शेवटी शहाणपण शोधतं. विहिरीवर उतारा असला की ‘पाणी जपून वापरा’, म्हातारीवर असला की ‘मोठ्यांचा आदर करा’. वाक्य चांगलं असतं म्हणून बाईही बरोबरची खूण करून टाकतात. करू नका. पाठाखालच्या स्वमताच्या प्रश्नात मुलाला स्वतःचं मत मांडायची मोकळीक असते. निष्कर्षाच्या प्रश्नात ती नसते. हा फरक वर्गात उघड बोलून दाखवावा लागतो, तो आपोआप कळत नाही.

आता सगळ्यात गमतीचा भाग. मराठीत निष्कर्षाचा निम्मा ऐवज बारक्या शब्दांत लपलेला असतो, आणि मुलं नेमके तेच गिळून वाचतात. ही वाक्यं एकाखाली एक लिहा:

बाबा आजही उशिरा आले.
बाबा आजच उशिरा आले.
बाबा आज तरी वेळेवर आले.
बाबा एकदाचे आले.

प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न: आधी काय होत होतं? ‘आजही’ म्हणजे यापूर्वीही उशीर झालेला आहे. ‘आजच’ म्हणजे एरवी ते वेळेवर येतात. ‘आज तरी’मध्ये आधीचा उशीर आहे आणि सांगणाऱ्याचा वैतागही. ‘एकदाचे’मध्ये वाट पाहून जीव मेटाकुटीला आलेला आहे. कालचा एक शब्दही न लिहिता काल काय झालं ते कळलं. मग तो बारका शब्द खोडा, वाक्य पुन्हा वाचा आणि काय गेलं ते विचारा. हा खोडण्याचा खेळ कुठल्याही पाठावर पाच मिनिटांत होतो. पुन्हा, मात्र, अखेर, सुद्धा, निदान, उलट, अजून: हे शब्द दिसले की थांबायचं, एवढी सवय लागली तरी पुष्कळ.

क्रियापदंही बोलतात. ‘मी डबा उघडला, भाकरी खाल्ली, हात धुतले आणि वर्गात गेले.’ सांगणारा मुलगा की मुलगी? पहिल्या तीन क्रियापदांवरून काहीच कळत नाही, कारण ती डबा, भाकरी आणि हात यांच्यामागं चालतात. शेवटचं ‘गेले’ मात्र मुलगी असल्याचं सांगून टाकतं. बोट तिथंच यायला हवं. ‘खाल्ली’वर बोट ठेवून ‘मुलगी’ म्हणणाऱ्याचं उत्तर बरोबर आहे पण कारण चुकलंय, आणि पुढच्या उताऱ्यात तो फसणार. एक सावधगिरी: कोल्हापूर भागात बायका, मुलीही सहज ‘मी आलो’ म्हणतात. तेव्हा ही खूण पुस्तकी भाषेतल्या उताऱ्यालाच लावा, बोलीतल्या संवादाला नको.

पण कधी कधी मूल अडतं ते वाचनात नव्हे, माहितीत. ‘मृग कोरडा गेला. आबांनी बियाण्याची पिशवी पुन्हा माळ्यावर ठेवली.’ माझा वर्ग एका सुरात सांगतो, पेरणी लांबली. ‘पुन्हा’वरून पिशवी आधी खाली काढली होती हेही सांगतो. पुण्यात वाढलेल्या माझ्या भाचीला तोच उतारा दिला तर तिनं विचारलं, “हरीण कोरडं कसं जाईल?” मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागतं आणि शेतकरी त्याच्या पावसावर पेरणीला हात घालतो, एवढं सांगितल्यावर तिनं दोन्ही निष्कर्ष बरोबर काढले. मग तिला दिलेला दुसरा उतारा मी वर्गात नेला: ‘लिफ्टच्या दारावर कागद चिकटवलेला होता. जोशी आजी भाजीची पिशवी घेऊन खालच्या बाकावर टेकल्या.’ भाचीनं क्षणात सांगितलं होतं, लिफ्ट बंद आहे आणि आजी वरच्या मजल्यावर राहतात. माझ्या वर्गात प्रश्न आला, कागद कसला? तेव्हा मूल अडलं की आधी बघा, त्याला ती गोष्ट माहीत आहे का. नसेल तर एका वाक्यात सांगा आणि पुन्हा विचारा. तरीही अडलं तरच विचार करण्यावर मेहनत घ्या.

माहितीचा उलटा त्रासही आहे. आमच्या आटपाडी-खानापूरकडची कितीतरी घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. ‘काका दिवाळीला मदुराईहून आले. त्यांची बोटे ॲसिडने पिवळी पडली होती,’ असं वाचलं की वाक्य संपायच्या आत वर्ग म्हणतो, गलाई! बोट ठेवायला सांगितलं की ते ॲसिडवर जातं. त्या बोटाखाली फक्त एवढंच आहे की काकांचं काम ॲसिडशी येतं. गलाई त्यांच्या घरून आली. उत्तर बहुतेक खरं असेल, पण ‘नक्की’ लिहायचं नाही. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याचीही बोटं पिवळी होतात.

सरावासाठी गाइडं विकत आणायची गरज नाही. त्यांतल्या बऱ्याच उताऱ्यांखाली ‘सुमन केव्हा उठली?’ असे प्रश्न असतात, ज्यांचं उत्तर ओळीतून उचलून ठेवता येतं. ते वाचन झालं, निष्कर्ष नव्हे. त्यापेक्षा किराणा दुकानाची यादी घ्या. साबुदाणा १ किलो, भगर अर्धा किलो, शेंगदाणे १ किलो, राजगिऱ्याचे लाडू २ पाकिटं. घरात काय आहे? उपवास, बहुतेक. एकट्याचा? तसं दिसत नाही. एका माणसाला एका दिवसाला किलोभर साबुदाणा कशाला लागेल? इथं एक मुलगी म्हणाली, नवरात्र असेल तर एकटासुद्धा नऊ दिवस खाईल. अगदी बरोबर. मग कुठला उपवास ते ठरवायला काय लागेल? बिलावरची तारीख आणि भिंतीवरचं कॅलेंडर. नसलेली माहिती कोणती, हे मुलांनी स्वतः ओळखणं मला उत्तरापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

दुसरी यादी: शेवया, खजूर, चारोळी, काजू, दूध ५ लिटर. एकानं लगेच यादी कुणाच्या घरची तेही जाहीर केलं. त्यावर दुसरी म्हणाली, शेवयांची खीर आमच्याकडेही होते, आणि शेजारच्या चाचींचं सामान दुकानातून मीच आणते. मग रकाने भरले. पुष्कळ लोकांसाठी दुधातलं काहीतरी गोड होणार, हे बहुतेक. खजूर आणि चारोळी शेवयांसोबत आहेत, म्हणून शीरखुर्मा आणि ईद, हेही बहुतेक. यादी हातात धरलेली मुलगी कुठल्या घरची, ते सांगता येत नाही. या तासाला मी जास्त वेळ दिला, कारण असे निष्कर्ष मुलं वर्गाबाहेरही काढत असतात.

याद्या झाल्या की वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती, पाणीपुरवठ्याची सूचना, विजेचं बिल, काहीही चालतं. चार-पाच ओळींच्या वर जाऊ नका.

परीक्षेचं थोडक्यात. शिष्यवृत्तीच्या पहिल्या पेपरात प्रथम भाषा आणि गणित मिळून ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटाच्या आतच. म्हणून लोक पहिल्या दिवसापासून घड्याळ लावतात. माझा त्याला विरोध आहे. घाईत मूल पुन्हा ‘पाऊस’ म्हणायला लागतं. घड्याळ शेवटच्या महिन्यात आणा. सरावात पर्याय हातानं झाकून ठेवा, मुलाला आधी स्वतःचं उत्तर बोलू द्या आणि मग जुळणारा पर्याय शोधू द्या. चुकीचे पर्याय फिरून फिरून त्याच जातीचे असतात. एक उताऱ्यातलं वाक्यच पुन्हा सांगतो. एक जगात खरा असतो, पण उताऱ्यात त्याला आधार नसतो. एकात ‘नेहमी’, ‘सर्व’, ‘फक्त’, ‘कधीच’ यांतलं काहीतरी घुसलेलं असतं. आणि उपदेश करणारा तर असतोच. वरच्या इयत्तेच्या पेपरात काही प्रश्नांचे दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही गोल रंगवावे लागतात, तेव्हा एक सापडला म्हणून पुढं पळायचं नाही.

लेखी उत्तरात ‘असावा’ आणि ‘कारण’ हे दोन्ही शब्द आलेच पाहिजेत असा आग्रह धरा. ‘कारण’च्या पुढं उताऱ्यातले शब्द, मुलाचे नव्हेत.

उद्याच वापरायला हा एक घ्या.

‘सायंकाळी थांब्यावर चौघे उभे होते. गुरुजींनी तिसऱ्यांदा घड्याळ पाहिले. भाजीवालीने उरलेल्या मेथीच्या दोन जुड्या शेजारच्या म्हातारीच्या पिशवीत घातल्या, पैसे घेतले नाहीत. कॉलेजच्या पोराने फोन कानाला लावला, “आज पण चालतच येतो,” म्हणाला आणि निघाला. तेवढ्यात एक जीप येऊन थांबली.’

एसटी वेळेवर आली होती का? पोराचं घर किती लांब असावं? एसटी न येण्याची ही पहिलीच वेळ का? मेथी फुकट का दिली असावी, निदान दोन कारणं द्या. जीप कुणासाठी थांबली? शेवटच्या प्रश्नाला आमच्याकडे “वडाप!”, म्हणजे प्रवासी भरून नेणारी खाजगी जीप, असं उत्तर हमखास येतं. ते ‘बहुतेक’च्या रकान्यात तरी बसतं का, यावर वर्गाला भांडू द्या.