जादा दिवे लावले आणि स्विच तापला

माझ्या १९७२ च्या डॅटसन २४०झेडला ५५ वॅटचे दोन जादा दिवे लावले आणि थोड्याच वेळात स्टीअरिंगजवळून जळक्या प्लास्टिकचा वास आला. या गाडीत हेडलाइटचा करंट मुळात स्विचमधूनच जातो, मध्ये रिले (थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही. त्यावर मी आणखी नऊ अँपिअर लादले होते. स्विच उघडला तर एक टोक तपकिरी पडलेलं. पोटात गोळाच आला.

मग बॅटरीवरून थेट जाड वायर ओढली, बॅटरीला लागूनच १५ अँपिअरचा फ्यूज. मध्ये रिले बसवला: वायर त्याच्या ३० नंबरच्या टोकाला, ८७ वरून दिव्यांना. स्विचकडून आता फक्त ८६ ला इशारा. ८५ अर्थला, तोही रंग खरवडून उघड्या पत्र्यावर. दिव्यांसाठी बंपरला भोक पाडायचं जिवावर आलं, म्हणून पट्टी वाकवून ब्रॅकेट केलं आणि मूळच्याच बोल्टवर कसलं. रात्री तासभर चालवली, स्विच हाताला गार.