गॅलिलिओचे चार चंद्र गच्चीवरून कसे बघायचे (अ‍ॅप न उघडता)

गॅलिलिओने शोधलेले गुरूचे चार मोठे चंद्र बघायला टेलिस्कोप लागत नाही, १०×५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगाची) साधी दुर्बीण पुरते. फक्त हातात धरून बघू नका, गुरू नुसता नाचत राहतो, ट्रायपॉड नसेल तर कठड्यावर उशी ठेवा नाहीतर माझ्यासारखं झाडूच्या दांड्यावर टेकवा, घरचे हसतात पण चालतं.

गुरू ओळखायचा कसा? झगझगीत, न लुकलुकणारा. शुक्राशी गोंधळ होतो, पण शुक्र संध्याकाळी पश्चिमेला नाहीतर पहाटे पूर्वेलाच सापडतो, मध्यरात्री डोक्यावर कधीच नाही.

आता वही घ्या. मधे गोल, बाजूला जितके ठिपके दिसतील तितके, पूर्व-पश्चिम, तारीख, वेळ. कुठला चंद्र कुठला हे अ‍ॅपवर आधीच बघितलंत तर सगळी गंमत गेली, कारण गॅलिलिओलाही सुरुवातीला हे चंद्र आहेत हे कळलं नव्हतं. ७ जानेवारी १६१० ला इटलीतल्या पादुआत त्याला गुरूजवळ तीन ठिपके दिसले, दोन पूर्वेला एक पश्चिमेला, त्याला वाटलं तारे असतील. ८ ला तिन्ही पश्चिमेला! म्हणजे गुरूच उलटा सरकला की काय, पंचांगातलं गणित चुकलं का, असं त्याच्या डोक्यात आलं. ९ ला ढग (आपल्याकडे तर चार महिने). १० ला दोनच, तेही पूर्वेला. मग त्याच्या लक्षात आलं की हलतायत ते ठिपके, आणि १३ ला चौथा सापडला.

निदान दोन आठवडे तरी रोज काढा. सगळ्यात लांब जाणारा कॅलिस्टो, त्याची फेरी जवळपास १७ दिवसांची. आयो ४२ तासांत फिरतो आणि बराच वेळ गुरूच्या झगमगाटातच लपलेला असतो, तो दिसला नाही तर वैतागू नका. याच आयोच्या ग्रहणांच्या (तो गुरूच्या सावलीत शिरतो त्या) वेळा गुरू आपल्यापासून जवळ-लांब होईल तशा पुढेमागे होतात हे बघून रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने १६७६ मध्ये प्रकाशालाही यायला वेळ लागतो असं सांगितलं, हे मला तर जास्त भारी वाटतं.

एक मात्र, या चंद्रांनी कोपर्निकस (पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणणारा) बरोबर ठरला असं सर्रास सांगतात ते तितकंसं खरं नाही. पृथ्वी फिरत असती तर तिचा चंद्र मागे राहिला असता, हा आक्षेप यामुळे लंगडा पडला, कारण गुरू तर चार-चार घेऊन फिरतोय. सगळं पृथ्वीभोवती फिरतं म्हणणाऱ्या टॉलेमीला खरा दणका शुक्राच्या कलांनी दिला आणि टायकोचं मॉडेल (ग्रह सूर्याभोवती, पण सूर्य पृथ्वीभोवती) त्यातूनही वाचलं.

दोनच ठिपके दिसले तर दोनच काढा, अंदाजाने चार पूर्ण करू नका, एखादा गुरूच्या पुढे नाहीतर मागे असेल.