‘पित्ताची एक गोळी द्या’ म्हणण्याआधी: या चुका टाळा

फलटणला एसटी स्टँडजवळ माझं औषधाचं दुकान आहे. काउंटरमागे उभं राहून यंदा 21 वर्षं झाली. एवढ्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, “ताई, पित्ताची एक गोळी द्या.” कुणाला, किती दिवसांपासून, नेमकं काय होतंय, हे विचारलं की निम्म्या लोकांना राग येतो. गोळी मागितली तर द्यायची, प्रश्न कशाला? म्हणून हे सगळं एकदा लिहूनच काढते.

आपल्याकडे पित्त हा शब्द किती ठिकाणी चालतो बघा. छातीत जळजळलं, आंबट ढेकर आली, की पित्त. अर्धं डोकं ठणकून उलटी झाली, की पित्त डोक्यात चढलं. अंगावर लाल गांधी आल्या, की पित्त उठलं. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ आली, तेही पित्तच. ही चार वेगळी दुखणी आहेत. पहिल्यात जठरातलं आम्ल अन्ननलिकेत वर येतं. दुसरी बहुतेक वेळा अर्धशिशी असते. उलटी झाल्यावर डोकं उतरतं, म्हणून आपण पित्ताला दोष देतो. तिसरी अनेकदा ॲलर्जी. गांधींवर आमसुलाचं पाणी लावायला माझी हरकत नाही, पण ओठ सुजले किंवा श्वास लागला तर क्षणभरही घरी थांबू नका. चौथ्यात पित्ताशयात खडे असू शकतात. यकृतात तयार होणारं खरंखुरं हिरवट-पिवळं पित्त या चौथ्यातच येतं. या चौघांना एक गोळी कशी लागू पडेल?

छातीतलं दुखणं घरच्या घरी ‘पित्त’ ठरवणं

या चुकीने मला सगळ्यात जास्त छळलंय, कारण तिच्यात माझाही वाटा आहे.

सहा वर्षांपूर्वी मार्चमध्ये सकाळी साडेआठला शटर नुकतंच वर केलं होतं. ओळखीच्या एक वहिनी आल्या. “यांना रात्रीपासून पित्त झालंय, सोड्याची पुडी द्या.” मी दिली. साडेनऊला परत आल्या. “उलटी झाली, पित्त पडलं, तरी चैन नाही. ती उपाशीपोटी घ्यायची गोळी द्या.” तीही दिली. दुकानात गर्दी होती, मी एकही प्रश्न विचारला नाही. दहा वाजून गेल्यावर त्या तिसऱ्यांदा आल्या आणि सहज बोलून गेल्या, “तीन बनियन बदलले हो, पंखा फुल असून घाम थांबत नाही.”

माझ्या हातातला पेन तिथेच राहिला. दुखतंय कुठे, विचारलं. त्यांनी दोन्हीकडच्या बरगड्या मिळतात त्याच्या जरा खाली, स्वतःच्या पोटावर, अख्खा तळहात ठेवला. “आणि जबडाही धरलाय. दाताचं असेल.” माणूस 54 वर्षांचा, नऊ वर्षांची शुगर. दुकान मुलाच्या हवाली केलं आणि त्यांच्याबरोबर रिक्षात बसले. ईसीजीचा कागद हातात घेताच डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या खालच्या भागाचा झटका आहे, पुढे हलवा. स्टेंट बसला, माणूस वाचला. पण रात्री दोनपासून दुखत होतं, आणि त्या तासांमध्ये हृदयाचा जो स्नायू मेला तो परत येत नाही. आज दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना ते दोनदा थांबतात. पहिल्याच खेपेला मी विचारलं असतं तर दीड-दोन तास वाचले असते.

असं होतं कारण हृदयाची खालची बाजू श्वासपटलावर टेकलेली असते आणि पटलाच्या खाली लगेच जठर. दोन्हीकडून येणाऱ्या वेदना मेंदूला नीट वेगळ्या कळत नाहीत. मधुमेह असलेल्यांना, बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांना छातीत दुखल्याशिवायही झटका येतो. नुसती मळमळ, घाम, गळून जाणं. ढेकर दिल्यावर बरं वाटलं म्हणजे हृदय ठीक आहे, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

तेव्हापासून मी तीन प्रश्न विचारल्याशिवाय पित्ताचं काही देत नाही. घाम सुटलाय का? चालल्यावर, जिना चढल्यावर वाढतं का? जबडा, खांदा, हात, पाठ, कुठे पसरतं का? एकाला जरी ‘हो’ आलं तर गोळी नाही, आधी ईसीजी. गाडी नसेल तर 108 लावा. आणि पहिला ईसीजी चांगला आला तरी डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबा. सुरुवातीला तो चांगला येऊ शकतो, म्हणून तो परत काढतात, रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) बघतात. ‘नॉर्मल आलाय, आता सोडा की’ म्हणून सही करून निघून जाणारे लोक मी पाहिलेत. एवढी कसली घाई असते?

दुखण्याच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खाणं

आषाढी वारीत माउलींची पालखी फलटणला मुक्कामाला येते. त्या दिवशी पाय सुजलेले वारकरी दुकानासमोर रांग लावतात. “अंगदुखीच्या चार गोळ्या द्या माउली, आत्ताच एक घेतो.” पोटात सकाळपासून फक्त चहा. मी आधी बिस्किटं पुढे करते आणि डायक्लोफिनॅक न देता पॅरासिटामॉल देते. डायक्लोफिनॅक हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध आहे, आणि ते उगीच नाही.

आमच्याच पेठेतल्या एक आजी गुडघ्यांसाठी जुन्या पाकिटाचा फाटका कोपरा दाखवून कुठून कुठून गोळ्या आणायच्या. रोज दोन, कित्येक महिने. एक दिवस माझ्याकडे ताकदीचं टॉनिक मागायला आल्या, तर चेहरा पांढराफटक. खालची पापणी ओढून पाहिली, आत लाली नावाला नव्हती. शी कशी होते, विचारलं. जरा लाजल्या, मग म्हणाल्या, “काळी होते गं. डांबरासारखी. चिकटून बसते, पाणी ओतलं तरी जात नाही. नाचणीची भाकरी खाते ना, त्यानं.” नाचणीने तसं होत नाही. जठरात रक्त सांडत होतं आणि आतड्यातून जाता जाता काळं पडत होतं. हिमोग्लोबिन सहाच्या खाली निघालं, रक्ताच्या तीन पिशव्या चढवाव्या लागल्या, दुर्बिणीतून अल्सर, म्हणजे जठरातली जखम, दिसला. पोटात एकदाही दुखलं नव्हतं. म्हातारपणी बरेचदा असंच होतं.

इथे एक गैरसमज फार पक्का आहे: गोळीने पोट बिघडतं, म्हणून इंजेक्शन घेऊ. डायक्लोफिनॅकसारखी ही औषधं रक्तातून काम करतात. जठराच्या आतल्या बाजूला जो संरक्षक थर असतो, तो टिकवणारी रसायनंच ती कमी करतात. सुई दंडात टोचली तरी थर पोटातलाच पातळ होतो. सोबत पित्ताची गोळी घेतली तर धोका कमी होतो, संपत नाही. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळपट होते, पण ती अशी चिकट आणि घाण वासाची नसते. फरक कळत नसेल तर अंदाज बांधत बसू नका, दाखवा.

पित्ताच्या गोळीच्या बाकी चुका

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल ही गोळी जेवून जळजळ सुरू झाल्यावर घेण्यात फार अर्थ नाही; जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. मी पाकिटावर पेनाने ‘चहाआधी’ असं लिहून देते, कारण तोंडी सांगितलेलं घरी पोचेपर्यंत विसरतं. डॉक्टरांनी सहा आठवडे लिहिलेली गोळी लोक सहा वर्षं घेतात. लांबत गेली की बी 12 जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. मग हातापायाला मुंग्या येतात म्हणून पुन्हा माझ्याकडेच येतात. बरं, एकदम सोडली की आम्ल उसळी मारतं, आणि ‘गोळीशिवाय जमतच नाही’ असं वाटून परत सुरू. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

अल्सर तिखटाने आणि काळजीने होतो, असं अजून मानतात. खरं तर बरेच अल्सर एका जिवाणूमुळे होतात. ते पटवायला ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे डॉक्टर बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू स्वतः पिऊन पाहिला होता. 2005 मध्ये त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. तो जिवाणू सापडला की डॉक्टर साधारण 14 दिवसांचा कोर्स देतात. तोंड कडू होतं म्हणून पाचव्या दिवशी सोडणारे खूप. अर्धवट सोडलात तर जिवाणू औषधाला दाद देईनासा होतो, पुढची गोळी जास्त कडक लागते.

थंड दूध घटकाभर बरं वाटायला लावतं, नंतर आम्ल वाढवतं. सोड्यात सोडियम असतं. बीपी असेल तर रोज नको. रात्री साडेदहाला जेवून अकराला आडवं होणाऱ्याला कुठलीच गोळी पुरणार नाही. तीन तासांचं अंतर ठेवा, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली एकेक वीट ठेवा. दोन उशा घेऊ नका, त्याने पोटच दुमडतं.

आणखी काही, थोडक्यात

शौचातून रक्त गेलं की ‘मूळव्याध असेल’ म्हणून मलम मागू नका. पंचेचाळिशीपुढे शौचाची सवय बदलली, वजन उतरलं, तर आतड्याची तपासणी करून घ्या.

जुलाबात ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात कालवायचं. पेल्यात थोडंथोडं टाकून घट्ट पाजाल तर पोराचे जुलाब वाढतील.

थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-एक तासाने, कॅल्शियम आणि लोह चार तासांनी.

शुगरची गोळी घेऊन एकादशीचा निर्जळी उपास करू नका. ग्लिमेपिराइडवर असाल तर साखर खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडतो. उपासाचा विचार आहे, हे डॉक्टरांना आठवडाभर आधी सांगा, ते डोस बदलून देतील. आणि साखर नॉर्मल आली म्हणून गोळी बंद करू नका. ती गोळीमुळेच नॉर्मल आली आहे.

डॉक्टरकडे जाताना घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या. आयुर्वेदिक चूर्णं, शेजाऱ्याने दिलेली, कोपरा फाटलेली, सगळी. मागच्याच आठवड्यात एका आजोबांनी अशी पिशवी माझ्या काउंटरवर उलटी केली. हाडांच्या डॉक्टरांची एक, जुन्या चिठ्ठीची एक, मुंबईहून लेकाने पाठवलेली एक. नावं तीन, आत तिन्हीत डायक्लोफिनॅक. आजोबा रोज तिन्ही घेत होते. मी तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणतील ती ठेवली आणि उरलेली दोन पाकिटं आजोबांच्या परवानगीने फोडून टाकली.