क्रूझवर केबिन बुक करताना: पोर्ट की स्टारबोर्ड?

मुंबई-गोवा क्रूझचं बुकिंग करताना 'पोर्ट साइड' की 'स्टारबोर्ड साइड' असं विचारतात आणि आपण अंदाजाने काहीतरी टिकमार्क करतो. मग सूर्यास्ताच्या वेळी बाल्कनीतून दिसते ती किनारपट्टी. (आमचं असंच झालं. चहा घेऊन वरच्या डेकवर पळावं लागलं.)

जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून उभं राहा: डावा हात पोर्ट, उजवा स्टारबोर्ड. पोर्ट आणि लेफ्ट, दोन्हींच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये चारच अक्षरं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. रात्री पोर्टला लाल दिवा असतो, स्टारबोर्डला हिरवा.

आता बुकिंग:

१. मुंबईहून गोव्याला जाताना जहाज दक्षिणेकडे जातं. सूर्यास्त हवा तर स्टारबोर्ड, किनारा हवा तर पोर्ट.
२. परतीला नेमकं उलट. जाऊन-येऊन एकच केबिन असेल तर कुठली संध्याकाळ महत्त्वाची ते आधी ठरवा.
३. समुद्र लागत असेल तर बाजू सोडा, 'मिडशिप' म्हणजे जहाजाचा मधला भाग आणि खालचा डेक मागा. फॉरवर्ड म्हणजे पुढचा भाग, आफ्ट म्हणजे मागचा. हेलकावे दोन्ही टोकांना जास्त.

पैसे भरण्याआधी डेक प्लॅनमध्ये आपला केबिन नंबर शोधाच. खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली असेल तर बाजू बरोबर निवडूनही दिसणार ती नारिंगी बोटच.