घरच्या बाळंतपणासाठी नोंदणीकृत मिडवाइफ कशी निवडावी

मिडवाइफचा शोध सुरू करण्याआधी हे बाळंतपण घरी होण्याजोगे आहे की नाही, हे स्त्रीरोगतज्ज्ञाकडून स्पष्ट करून घ्यावे. जुळी, पायाळू किंवा आडवे मूल, आधीचे सिझेरियन, वाढलेला रक्तदाब, गरोदरपणातला मधुमेह, तीव्र रक्तक्षय किंवा खाली आलेली वार, यांपैकी काहीही असल्यास घरचा विचार तिथेच सोडावा. पहिलटकरणीने तर अधिकच विचार करावा. इंग्लंडमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत घरी प्रसूती ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी सुमारे ४५ टक्के जणींना ऐनवेळी किंवा बाळंतपणानंतर लगेच रुग्णालयात हलवावे लागले. ज्यांचे आधी बाळंतपण झाले होते त्यांच्यात हे प्रमाण सुमारे १२ टक्के होते. शिवाय तिथे मिडवाइफ, रुग्णवाहिका आणि रुग्णालय ही एकाच सरकारी व्यवस्थेची अंगे असतात. पुण्यात ती साखळी कुटुंबालाच जोडावी लागते.

आता परवान्याविषयी. आपल्याकडे घरच्या बाळंतपणाचा असा वेगळा परवाना नसतो, त्यामुळे तो आपल्याकडे आहे असे कोणी सांगितल्यास सावध व्हावे. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका), जीएनएम (परिचर्या व प्रसूतिसेवेची पदविका) किंवा बी. एस्सी. नर्सिंग झालेल्या परिचारिकेची नोंदणी मुंबईतील महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते आणि जीएनएम किंवा बी. एस्सी. झालेली परिचारिका ‘नोंदणीकृत परिचारिका’ यासोबत ‘नोंदणीकृत प्रसाविका’ म्हणजे मिडवाइफही असते. म्हणूनच निव्वळ नोंदणी क्रमांक पाहून समाधान मानू नये: दहा वर्षे केवळ अतिदक्षता विभागात काम केलेल्या परिचारिकेकडेही तोच शिक्का असतो. केंद्र सरकारने २०१८ साली मिडवायफरीविषयी मार्गदर्शक सूचना काढून परिचारिकांसाठी अठरा महिन्यांचे खास प्रशिक्षण आखले, परंतु त्या योजनेचा भर सरकारी रुग्णालयांतील प्रसूती कक्षांवर आहे. डूला ही धीर देणारी सोबतीण. तिने नाडी पाहणे किंवा औषध देणे अपेक्षित नाही. परंपरेने काम करणाऱ्या सुईणीचा अनुभव मोठा असला तरी तिच्याकडे नोंदणी नसते, आणि परदेशी संस्थेचे प्रमाणपत्र हा इथल्या नोंदणीला पर्याय ठरत नाही. मूळ नोंदणीपत्र हातात घेऊन त्यावरचे नाव, क्रमांक आणि नूतनीकरणाची तारीख पाहावी व परिषदेकडून त्याची खातरजमा करावी. हे करताना संकोच वाटण्याचे कारण नाही. चांगली मिडवाइफ कागद स्वतःहून पुढे करते.

नावे मिळवण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे आपले स्त्रीरोगतज्ज्ञ आणि प्रसूतिपूर्व वर्ग घेणाऱ्या मंडळींकडे चौकशी करणे. दोघी-तिघींना भेटावे आणि भेटीत घरातल्या ज्येष्ठांनाही बसवावे, कारण ‘आमची सगळी बाळंतपणे वाड्यातच झाली’ असे सांगणाऱ्या आजींचे प्रश्न बहुधा सर्वांत नेमके असतात. गेल्या दोन वर्षांत स्वतःच्या जबाबदारीवर किती बाळंतपणे केली, किती जणींना हलवले, कशासाठी हलवले आणि निर्णयापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत किती वेळ गेला, हे विचारावे. ‘माझ्याकडे कुणालाच हलवावे लागत नाही’ हे उत्तर ऐकून मी तरी नमस्कार करून उठेन. कुणाला नकार दिला होता आणि का, हे जिला सांगता येते तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

सामान प्रत्यक्ष पाहावे. बाळाचे ठोके ऐकण्याचा डॉपलर, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, बाळाला श्वास देण्यासाठी त्याच्या मापाच्या मास्कसह अंबू बॅग (हाताने दाबायची हवेची पिशवी) आणि रक्तस्राव थांबवणारे ऑक्सिटोसिन एवढे तरी हवेच. ऑक्सिटोसिन थंड जागी ठेवावे लागते, म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात ते दुचाकीच्या डिकीतून येणार असेल तर ते चालणार नाही. शिवाय त्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागते, तेव्हा मिडवाइफला एखाद्या डॉक्टरांचा पाठिंबा आहे की नाही हेही तिथेच उघड होते. कळा वाढल्यावर साधारण दर पंधरा मिनिटांनी आणि जोर करताना दर पाच मिनिटांनी ती ठोके ऐकणार आहे ना, हे विचारून घ्यावे. प्रशिक्षित मदतनीस दुसरी असलीच पाहिजे, कारण बाळ रडले नाही आणि त्याच वेळी आईला रक्तस्राव सुरू झाला तर दोन हात पुरत नाहीत.

शस्त्रक्रिया, रक्त आणि नवजात अतिदक्षता विभाग यांची सोय असलेल्या रुग्णालयात आधीच नाव नोंदवून ठेवावे. तिथवरचा रस्ता सकाळी नऊला आणि संध्याकाळी सातला, असा दोनदा गाडीने मोजावा; धायरी किंवा वाघोलीहून निघणाऱ्यांना नकाशावरचे अंतर आणि प्रत्यक्ष वेळ यांतला फरक सांगायला नको. दिवस गणेशोत्सवात भरत असतील तर विसर्जनाच्या दिवशी मध्यवर्ती पेठांतले कोणते रस्ते बंद असतात हे पाहून दुसरे रुग्णालय ठरवावे. पेठेतल्या जुन्या जिन्यावरून स्ट्रेचर वळत नाही आणि सोसायटीच्या लिफ्टमध्ये ते मावतेच असे नाही, हेही तपासावे. १०८ ही रुग्णवाहिका आहेच, पण ठरवलेली गाडी आणि चालक हाताशी असावा.

करार लेखी करावा: सदतिसाव्या आठवड्यापासून ती कुठवर उपलब्ध राहील, ती आजारी पडल्यास कोण येईल, हलवावे लागल्यास शुल्काचे काय आणि बाळंतपणानंतरच्या भेटी किती, हे त्यात यावे. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असल्यास ७२ तासांच्या आत द्यायचे अँटी-डी इंजेक्शन, बाळाचे व्हिटॅमिन के आणि पहिल्या २४ तासांतली हिपॅटायटिस बीची लस यांची जबाबदारी कुणाची, तेही लिहावे. घरी झालेल्या जन्माची खबर देणे हे कुटुंबप्रमुखाचे काम असून त्यासाठी २१ दिवसांची मुदत आहे. महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात जाताना जन्माची वेळ व तारीख नमूद केलेले मिडवाइफचे सहीचे पत्र सोबत न्यावे, आणि ते तिने घरातून निघण्यापूर्वीच लिहून घ्यावे.