ऑरगॅनिक केमिस्ट्री सुरू करताय? आधी इलेक्ट्रॉन कुठे आहेत ते बघा

बायोकेमिस्ट्रीला प्रवेश घेतलेली मुलं सुरुवातीलाच विचारतात, ‘आम्हाला प्रथिनं आणि डीएनए शिकायचंय, मग हे अल्कोहोल, अल्डिहाइड आधी कशाला?’ मी ऑरगॅनिक शिकून मग प्रथिनांच्या रचनेकडे वळले, आणि आता पहिल्या वर्षाला शिकवते. माझं मत पक्कं आहे की हे दोन वेगळे विषय नाहीतच. इथेनॉलमधला हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) ज्या कारणाने पाण्याशी हायड्रोजन बंध (एकाच्या हायड्रोजनची दुसऱ्याच्या ऑक्सिजनकडे असलेली ओढ) करतो, त्याच कारणाने साखरेतलाही करतो. १८२८ साली फ्रेडरिक व्होलरने अमोनियम सायनेटपासून युरिया बनवला, तेव्हा सजीवांतल्या पदार्थांना काही निराळी ‘जीवनशक्ती’ लागते या समजुतीला मोठा तडा गेला. (ती एका प्रयोगाने संपली मात्र नाही, पुढेही बराच काळ रेंगाळली.)

सुरुवात हिशोबापासून करा. कार्बनचे चार बंध, नायट्रोजनचे तीन, ऑक्सिजनचे दोन, हायड्रोजनचा एक. नागमोडी रेषांच्या आकृतीत प्रत्येक कोपरा म्हणजे एक कार्बन असतो आणि त्याचे हायड्रोजन दाखवलेले नसतात. ते न दिसताही मोजता आले पाहिजेत, एवढा सराव होईपर्यंत पुढे जाऊ नका. आणि नायट्रोजन-ऑक्सिजनवरच्या एकाकी (बंधात न गुंतलेल्या) इलेक्ट्रॉन जोड्या काढायचा कंटाळा करू नका. बहुतेक पुस्तकं त्या गाळतात, कारण लिहिणाऱ्याला त्या न काढताही दिसत असतात. नवख्याला दिसत नाहीत, आणि बरीचशी अभिक्रिया तिथूनच सुरू होते.

मग एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा. या रेणूत इलेक्ट्रॉन जास्त कुठे आहेत आणि कमी कुठे? कार्बोनिल गटात (कार्बन आणि ऑक्सिजन द्विबंधाने जोडलेले) ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे कार्बनवर थोडा धन भार येतो. एकाकी जोडी असलेला अणू जवळ आला की तो या कार्बनवर चाल करतो. वक्र बाण नेहमी इलेक्ट्रॉन आहेत तिथून, हवे आहेत तिकडे काढायचा. मुलं तो उलटा काढतात, कारण त्यांच्या मनात हायड्रोजन सरकत असतो. बाण इलेक्ट्रॉनची हालचाल दाखवतो, अणूची नाही.

एवढं हाताशी असलं की ग्लुकोज उघडतं, आणि माझ्या मते नवख्यांसाठी याहून चांगला रेणू नाही. सरळ साखळीतल्या ग्लुकोजला पहिल्या कार्बनवर अल्डिहाइड (साखळीच्या टोकाचा कार्बोनिल) असतं आणि पाचव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल. पाचव्यावरचा ऑक्सिजन पहिल्या कार्बनवर चाल करतो आणि सहा अणूंचं वलय बंद होतं. वर्षभर ज्याला ‘अल्डिहाइड आणि अल्कोहोलची अभिक्रिया’ म्हणून शिकलात, तीच ही, फक्त दोन्ही गट एकाच रेणूत. वलय बंद होताना पहिल्या कार्बनवरचा नवा हायड्रॉक्सिल दोन प्रकारे बसू शकतो. ते अल्फा आणि बीटा. पाण्यात समतोल साधल्यावर बीटा साधारण ६४ टक्के असतं, अल्फा ३६ टक्के, आणि सरळ साखळी एक टक्क्याच्याही बरीच खाली. बीटा जास्त का? मॉडेल संच घेऊन खुर्चीच्या आकाराचं वलय जोडा. बीटा ग्लुकोजमध्ये सगळे मोठे गट वलयाच्या बाजूला, बाहेर पसरलेले दिसतात, कोणी कोणाला अडत नाही. हे वाचून जेवढं कळतं त्याच्या कितीतरी पट हातात धरून कळतं.

आता याच फरकाचा परिणाम बघा. अल्फा ग्लुकोज पहिल्या आणि चौथ्या कार्बनवर जोडत गेलं की साखळी वळत जाते. ते स्टार्च. बीटा तसंच जोडलं की प्रत्येक पुढचा घटक उलटा बसतो, साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरतात आणि चिवट तंतू तयार होतो. ते सेल्युलोज. आपली पाचक विकरं पहिला बंध तोडतात, दुसरा तोडू शकत नाहीत. एका कार्बनवरच्या दिशेने अन्न आणि लाकूड वेगळे झाले! हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मला या विषयाचं जे वेड लागलं, ते अजून आहे.

म्हणून त्रिमिती रचनेला सगळ्यात जास्त वेळ द्या. कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे जातात, हे व्हॅन्ट हॉफ आणि ल बेल यांनी १८७४ मध्ये स्वतंत्रपणे मांडलं. आदर्श कोन १०९.५ अंशांचा. चारही गट वेगळे असले की रेणूची आरशातली प्रतिमा मूळ रेणूवर बसत नाही. प्रथिनं ज्या २० अमिनो आम्लांपासून बनतात, त्यातलं ग्लायसिन सोडलं तर बाकी सगळी अशीच आहेत.

ती २० वर्णानुक्रमे पाठ करू नका. बाजूच्या साखळीवरून (प्रत्येक आम्लात वेगळा असणारा भाग) गट पाडा: पाणी टाळणारी, भार असलेली, भार नसूनही पाण्याशी जमवून घेणारी. आणि प्रत्येक आम्ल पीएच ७ ला जसं असतं तसं काढा, म्हणजे कार्बोक्सिल गट प्रोटॉन गमावलेला, अमिनो गट प्रोटॉन घेतलेला. सिकल सेल आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. ऋण भाराच्या जागी पाणी टाळणारा गट आला, एवढं ओळखता आलं की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना का चिकटतात याची किल्ली मिळते.

अमिनो आम्लांना एकमेकांशी जोडणाऱ्या पेप्टाइड बंधाशी जरा जास्त थांबा. नायट्रोजनची एकाकी जोडी शेजारच्या कार्बोनिलकडे पसरते, त्यामुळे कार्बन-नायट्रोजन बंधाला अर्धवट द्विबंधाचं रूप येतं. त्याची लांबी साधारण १.३३ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग) भरते, साध्या एकेरी बंधाची सुमारे १.४७. तो सहज फिरत नाही, सपाट राहतो. १९५० मध्ये ब्रॅग, केंड्र्यू आणि पेरुट्झ यांनी प्रथिनांच्या साखळीचे अनेक संभाव्य आकार मांडले, पण हा सपाटपणा पाळला नाही. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी तो पाळला, आणि १९५१ मध्ये प्रत्येक वेढ्यात ३.६ अमिनो आम्लं असलेलं अल्फा सर्पिल त्यांच्या हाती लागलं. सपाट तुकडे ठरले की साखळीत मोकळे कोन मुख्यतः दोनच उरतात. त्यांतल्या कोणत्या जोड्या शक्य आहेत याचा नकाशा जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दिला, आणि आजही नवी रचना तपासताना तो वापरतात.

मेदाम्लांना एवढा वेळ लागत नाही. स्टिअरिक आणि ओलेइक, दोन्हींत १८ कार्बन. पहिलं सुमारे ६९ अंश सेल्सिअसला वितळतं, दुसरं १३ च्या आसपास, कारण त्यातल्या सिस द्विबंधामुळे (साखळीचे दोन्ही भाग द्विबंधाच्या एकाच बाजूला) साखळी मधेच वाकते आणि रेणू एकमेकांलगत नीट रचले जात नाहीत.

डीएनएकडे आलात की टॉटोमर (हायड्रोजनच्या जागेने वेगळी ठरणारी एकाच रेणूची रूपं) हा धडा परत काढा. डीएनएची रचना शोधताना जेम्स वॉटसन पुस्तकातल्या ईनॉल रूपातले (हायड्रोजन ऑक्सिजनवर असलेले) बेस, म्हणजे डीएनएची ए, टी, जी, सी ही ‘अक्षरं’, घेऊन जोड्या जुळवत होता. जेरी डोनोह्यू या रसायनशास्त्रज्ञाने त्याला सांगितलं की ती रूपं चुकीची आहेत, कीटो रूपं (हायड्रोजन नायट्रोजनवर असलेली) घे. हायड्रोजनची जागा बदलताच ए-टी आणि जी-सी जोड्या एकाच रुंदीच्या बसल्या. परीक्षेत दोन गुणांना विचारला जाणारा मुद्दा आहे हा.

नामकरणाचे नियम सावकाश आले तरी चालतात. पाठांतराची वही करायचीच असेल तर त्यात नावांपेक्षा आकृत्या भरा, आणि रोज एक रेणू पुस्तक मिटून काढा.

पहिलं सत्र संपत आलं की प्रोटीन डेटा बँकेत जा. १९७१ पासूनचा प्रथिनांच्या त्रिमिती रचनांचा हा संग्रह सगळ्यांना मोफत खुला आहे. लायसोझाइमसारखं लहान प्रथिन उघडा, त्यातलं एक अल्फा सर्पिल शोधा, त्याच्या सुरुवातीच्या भागातल्या, मुख्य साखळीच्या एका कार्बोनिलचा ऑक्सिजन निवडा आणि तिथून चार अमिनो आम्लं पुढच्या, मुख्य साखळीतल्याच नायट्रोजनपर्यंतचं अंतर मोजा. साधारण २.९ अँगस्ट्रॉम येईल. तो हायड्रोजन बंध आहे.