कापसाच्या दोऱ्यावर हिशेब: किपू कसा बांधायचा आणि पोतोसीचा मिता त्यावर कसा वाचायचा

कापूस वेचणीचं वजन काट्यावर होतं, आकडा मालकाच्या वहीत जातो आणि वेचणाऱ्या बाईला बाजाराच्या दिवशी पैसे मिळतात. हिशेब कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या लोकांना स्पॅनिश राजवटीत फार महागात पडला. पोतोसीच्या चांदीच्या खाणींतला मिता, म्हणजे पाळीने सक्तीचं काम, हे त्याचंच उदाहरण. तो मुलांसोबत समजून घ्यायला किपू स्वतः बांधून पाहण्यासारखा दुसरा मार्ग नाही.

किपू म्हणजे गाठी मारलेल्या दोऱ्यांचा जुडगा. स्पॅनिश येण्याआधीचं इंकांचं राज्य आजच्या इक्वाडोरपासून चिलीच्या मध्यापर्यंत पसरलं होतं आणि त्याची शिरगणती, कोठारांतलं धान्य, कामाच्या पाळ्या हे सगळं या गाठींत नोंदलं जाई. नोंद ठेवणाऱ्याला किपूकामायोक म्हणत. जे किपू आज शिल्लक आहेत, त्यांतले बहुतेक सुती आहेत. परभणी-जालन्याच्या कापूसपट्ट्यात सामानासाठी लांब जायला नको.

मुख्य दोरीसाठी 5 मिलिमीटर जाडीची, 60 सेंटिमीटर लांब सुती दोरी घ्या. लोंबत्या दोऱ्यांसाठी 1 मिलिमीटर जाडीचं पांढरं सूत, प्रत्येकी दीड मीटर, आणि वेगळ्या रंगाचं थोडं सूत बाजूला ठेवा. नायलॉन वापरू नका, त्यात गाठ सरकते. सुतळीही नको; तिची कूस निघते आणि वेढे मोजता येत नाहीत.

आधी पीळ. दोघांनी दीड मीटर सुताची दोन टोकं धरायची आणि एकाने ते आपोआप वळ्या घेऊ लागेपर्यंत पिळायचं. मग मध्यावर बोट घालून ते दुमडायचं, दोन्ही टोकं एकत्र आणायची आणि बोट काढून घ्यायचं. दोर वळताना पदर एकमेकांवर बसतात तसे हेही बसतात आणि दुमडीच्या जागी छोटा फासा आपोआप तयार होतो. खालच्या टोकाला साधी गाठ मारा. साधारण 65 सेंटिमीटरची लोंबती दोरी मिळते. जुन्या किपूंच्या लोंबत्या दोऱ्या अशाच दुमडून वळलेल्या आहेत. सगळ्यांचा पीळ एकाच दिशेने ठेवा, कारण पिळाची दिशाही नोंदीचा भाग असू शकते.

आता फासा मुख्य दोरीच्या मागे धरा, मोकळं टोक समोरून फिरवून फाशातून काढा आणि घट्ट ओढा. दोन दोऱ्यांमध्ये 2 सेंटिमीटर अंतर पुरतं.

आकडे दशमान पद्धतीने बसतात. मोठं स्थान मुख्य दोरीजवळ असतं, एकक सगळ्यांत खाली. मुख्य दोरीपासून 10 सेंटिमीटरवर हजार, 18 वर शतक, 26 वर दशक आणि 36 वर एकक अशी ठिकाणं ठरवा. हजार, शतक आणि दशकासाठी जितका अंक तितक्या साध्या गाठी, एकमेकींना चिकटून. शून्यासाठी जागा मोकळी. एककाला वेगळी गाठ लागते: साध्या गाठीसारखाच फास घ्या, पण टोक फासातून अंकाइतक्या वेळा गुंडाळून मग आवळा. चार वेढे दिसले की चार. यात एक अडचण येते, कारण एकाच वेढ्याची लांब गाठ म्हणजे साधीच गाठ झाली. म्हणून एककातल्या 1 साठी इंग्रजी आठच्या आकाराची गाठ मारतात. ही रचना अमेरिकी अभ्यासक लेलंड लॉक यांनी 1912 साली उलगडली.

समजा तीन बायांनी आठवड्यात 324, 207 आणि 41 किलो कापूस वेचला. पहिल्या दोरीवर शतकात तीन, दशकात दोन साध्या गाठी आणि खाली चार वेढ्यांची लांब गाठ. दुसरीवर शतकात दोन, दशक कोरं, खाली सात वेढे. तिसरीवर शतक कोरं, दशकात चार, खाली आठाकार गाठ. बेरीज 572 होते. तिची दोरी मुख्य दोरीच्या वरच्या बाजूला, उलट दिशेने अडकवा. जुन्या कित्येक किपूंत वरच्या दोरीवर खालच्या गटाची बेरीज सापडते. पडताळणीची सोय त्यातच आहे. या बेरजेच्या दोरीसाठी सूत दोन मीटर घ्या, कारण साध्या गाठीला दोन-अडीच सेंटिमीटर दोरी लागते आणि इथे अशा बारा गाठी आहेत. एखादीने उचल घेतली असेल, तर तिच्याच दोरीला रंगीत उपदोरी जोडून त्यावर रुपये बांधा.

चुका बहुधा तीन ठिकाणी होतात. सगळी स्थानं आधीच खुणा करून ठेवली, तर गाठींत दोरी खर्च होते आणि खुणा वर सरकतात; प्रत्येक स्थान मुख्य दोरीपासून नव्याने मोजा. खालून वर बांधत गेलात, तर गाठाळलेलं शेपूट दर वेळी फासातून ओढावं लागतं. म्हणून वरून खाली या. आणि लांब गाठ एका झटक्यात आवळली की वेढे एकमेकांवर चढतात, सातचे सहा वाटतात. चिमटीत हलकं फिरवत, दोन्ही बाजूंनी हळूहळू ओढा.

मग हाच हिशेब दुसऱ्याच्या हाती गेल्यावर काय होतं, ते बांधा. इंका राज्यातही लोकांना पाळीने काम करावं लागे. ते राज्य काही मवाळ नव्हतं. जिंकलेल्या गावांतली माणसं दूरवर नेऊन वसवली जात. पण पाळीवर आलेल्यांचं खाणंपिणं राज्याच्या कोठारांतून होई. 1532 मध्ये स्पॅनिश सेनानी पिझारोने काहामार्का इथे इंका राजा अताहुआल्पाला पकडलं आणि 1545 मध्ये आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या डोंगरात चांदी सापडली. स्पॅनिश राजाचा प्रतिनिधी, व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने 1570 च्या दशकात माणसं मोजली, विखुरलेल्या वस्त्या मोडून लोकांना नव्या गावांत कोंबलं आणि मिता हे इंकांचंच नाव ठेवून नेमून दिलेल्या प्रांतांतल्या साधारण दर सातव्या प्रौढ पुरुषाला वर्षभर खाणीकामाला जुंपलं. पोतोसी सुमारे 4,000 मीटर उंचीवर आहे. लांबच्या गावांतली माणसं बायकापोरं आणि लामा घेऊन कित्येक आठवडे चालत तिथे पोचत.

एका काल्पनिक गावासाठी दोन दोऱ्या घ्या: पुरुष 700, मिता 100. पाळी सात वर्षांनी येते. आता साथी आल्या आणि लोक मिता चुकवायला गाव सोडून गेले. तिसऱ्या दोरीवर 420 बांधा, पण मिताच्या दोरीवरची गाठ तशीच ठेवा. पाळी जेमतेम चार वर्षांवर आली. अँडीजमध्ये घडलं ते असंच: माणसं झपाट्याने घटली, गावांना नेमून दिलेल्या मिताच्या माणसांचे आकडे मागाहून आणि अपुरे खाली आले. जे उरले त्यांच्यावर भार वाढला, म्हणून आणखी लोक पळाले. मुलांना ही एक न सोडलेली गाठ दाखवा. पानभर मजकुरापेक्षा ती जास्त सांगते.

किपू कमकुवत होता म्हणून मागे पडला, असं मुलांना सांगू नका. पेरूतल्या हौहा खोऱ्यातल्या वांका जमातीच्या सरदारांनी पिझारोच्या सैन्याला दिलेलं धान्य, लामा, माणसं यांची नोंद किपूत ठेवली होती आणि 1558 ते 1561 दरम्यान लिमाच्या न्यायालयात ती वाचून दाखवली. न्यायालयाने ती पुरावा म्हणून ऐकली. पुढे 1583 मध्ये लिमाच्या तिसऱ्या धर्मपरिषदेने जुन्या पूजाविधींशी जोडलेले किपू नष्ट करायचा आदेश दिला. डोंगरातले मेंढपाळ मात्र विसाव्या शतकापर्यंत जनावरं गाठींत मोजत राहिले.

मिता 1812 मध्ये कायद्याने बंद झाला, तरी त्याची खूण उरली. अर्थशास्त्रज्ञ मेलिसा डेल यांनी 2010 साली पेरूमधल्या मिताच्या सीमेच्या आतल्या आणि बाहेरच्या भागांची तुलना केली. आतल्या भागात घरटी खर्च सुमारे 25 टक्क्यांनी कमी आढळला आणि खुरटलेल्या मुलांचं प्रमाण सुमारे 6 टक्केबिंदूंनी जास्त. हे दोन आकडे दोन लोंबत्या दोऱ्यांवर, वेगळ्या रंगात, मिताच्या दोरीशेजारी बांधा.

किपू ठेवताना घडी घालू नका, मुख्य दोरी गुंडाळत न्या म्हणजे लोंबत्या दोऱ्या गुंतत नाहीत. पावसाळ्यात सुती दोऱ्याला बुरशी लागते. कोरड्या डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला. डब्यात टाकण्याआधी किपू बांधणाऱ्याने नव्हे, दुसऱ्याच मुलाने वाचावा आणि बेरीज जुळते का ते पाहावं.